नजर थांबली तिथं

"ही तारांची भानगड कशाला?" ज्ञानदेव म्हणाला. "नाव मला म्हाईत हाय. रंगराव. फकस्त दादाकडनं निघाया पायजे."

डॉक्टर प्रभावतीबाईंनी मान वर केली नाही. खुर्चीत बसवलेल्या जयसिंगच्या डोळ्यांच्या कडेला त्या यंत्राच्या तारा जोडलेल्या बारीक चकत्या चिकटवत होत्या. डोक्यावरच्या आधीच बसवून झाल्या होत्या.

"तोंडून नाही येणार," त्या म्हणाल्या. "डोळ्यांतून येतं का बघू."

आणीबाणी उठल्यावर पिंपरीच्या पंपाच्या कारखान्यात संप झाला, तेव्हाची गोष्ट. दोघे सख्खे भाऊ तिथेच कामाला. संप फोडणाऱ्यांची बस घेऊन फोरमन रंगराव गेटवर आला, तोही बसच्या दारात उभा राहून, मिशीत हसत. मग दगड सुटले. तिकडून आले, इकडून गेले. धुळीत माणूस ओळखू येईना. ज्ञानदेवानंही हाताला लागेल ते भिरकावलं. मोठा जयसिंग मात्र हात पसरून मधे शिरला, दोन्ही बाजूंना "थांबा, थांबा" म्हणत. धूळ बसली तेव्हा तो बसपुढं पडला होता आणि डावं कानशील फुटलं होतं.

जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काहीही विचारलं तरी एकच "व्हय" निघायचं. डाव्या हाताचं बोट दाखवायला गेलं की भलतीकडंच वळायचं. पोलिसांनी रंगरावला बोलावलं आणि सोडून दिलं. साक्षीदारच नव्हता. रंगराव पुन्हा शिटी फुंकत खात्यात हिंडू लागला.

त्या दिवसापासून ज्ञानदेवानं दाढीला वस्तरा लावला नव्हता. कुरुळीच्या घरात तो रोज भावाच्या खाटेशी बसायचा आणि दात खात म्हणायचा, "दादा, त्याला सोडत न्हाई मी." ते ऐकून जयसिंग कासावीस व्हायचा, भिंतीकडं तोंड फिरवून रडायचा. ज्ञानदेवाचा राग त्यानं आणखी पेटायचा. मधे एकदा रंगराव पेरू घेऊन भेटायला आला. ज्ञानदेवानं पेरू उकिरड्यावर फेकले आणि त्याची गचांडी धरून त्याला अंगणाबाहेर काढलं.

आजही त्याच्या पिशवीत कारखान्यातला मोठा पाना होता. जयसिंगची बायको सरूबाई हे जाणून होती. म्हणूनच ती हट्टानं पुण्याच्या दवाखान्यात बरोबर आली होती.

खोलीत अंधार केला. समोरच्या पडद्यावर खंडेनवमीला काढलेला खात्याचा फोटो मोठा होऊन उमटला. ओळीनं बसलेली, उभी राहिलेली माणसं.

"गर्दीत कुणाला शोधताना माणसाची नजर उड्या मारत फिरते," डॉक्टर म्हणाल्या. "सापडलं की थांबते. मेंदूची रेघही तेव्हाच हलते. हा पुरावा नाही हं. कोर्टात चालायचा नाही."

"मला चालतोय," ज्ञानदेव म्हणाला.

"जयसिंगराव, यात तुम्ही कुठे आहात?"

यंत्रातला कागद सरकू लागला, त्यावर रेघा ओढणारी पेनं थरथरली. डॉक्टरांनी रेघा पाहून पडद्यावर एका जागी छडी टेकवली. बरोबर जयसिंगवर.

"आणि रंगराव?"

छडी पुढच्या रांगेत, गळ्यात शिटी असलेल्या माणसावर आली. ज्ञानदेवाच्या मुठी आवळल्या. त्यानंतर त्यानं पडद्यावर दुसरं काही पाहिलंच नाही.

"आता सांगा, तुम्हाला दगड कुणी मारला?"

जयसिंगनं डोळे मिटून घेतले. सरूबाईनं त्याच्या पायावर हात ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. पेनं सैरावैरा धावली आणि थांबली. डॉक्टरांनी फोटो काढला, पुन्हा लावला, पुन्हा तोच प्रश्न विचारला. पेनं पुन्हा तिथंच थांबली.

"रंगरावच ना?"

"नाही. त्यांच्यावर नजर टिकलीच नाही."

"मंग मशीन बिघाडलं."

"मघाशी तर बरोबर चाललं होतं."

"मंग त्याच्याच पाळलेल्यापैकी कुणी आसल." ज्ञानदेवाचा आवाज चढला. "दावा मला. कुणीबी आसू दे, त्याचा हात मी जाग्यावर ठेवत न्हाई."

डॉक्टरांनी छडी उचलून मागच्या रांगेत टेकवली. "हा. गुळगुळीत दाढी केलेला, हसतोय तो. कोण आहे हा?"

ज्ञानदेवाआधी सरूबाई पडद्याजवळ गेली. तिनं निरखून पाहिलं आणि सावकाश मागं वळली.

"भावजी," ती म्हणाली, "ह्ये तर तुमीच."