सावित्राबाईचा अर्ज

वडगावच्या कचेरीच्या ओसरीवर ऊन सावकाश येई. आधी ते समोरच्या कौलांवर थबकले, मग भिंतीवरून ओघळत फरशीवर उतरले आणि शाईचा वाळलेला काळा डाग क्षणभर निळा करून गेले. अर्ज लिहून देणारा महिपती त्या उजेडाकडेच पाहत होता. माणसांकडे पाहणे त्याला जड जाई.

पुढ्यात औंढ्याची सावित्राबाई बसली होती. मांडीवर रतन; तिच्या मेलेल्या बहिणीची, हिरीची मुलगी. शेजारी सावित्राबाईचा नवरा. बाहेर निंबाखाली टांगा उभा करून अंबाजी पानतंबाखूची पिंक टाकत होता. लोणावळ्याच्या बंगल्यांना तो गडीमाणसे पुरवी.

"बेवारस पोर हाय," तो तिथूनच म्हणाला. "बंगल्यावर भांडी घासंल. कोर्टात अर्ज गेला न्हाई, तर आजच टांग्यात बसवतो."

त्याच्या लाल दातांची महिपतीला किळस आली. त्याने टाक शाईत बुडवला.

"नवऱ्याचे नाव?"

सावित्राबाईने मान खाली घातली, पदराचे टोक दातांत धरले. बायको नवऱ्याचे नाव उच्चारत नाही, हे महिपतीला ठाऊक होते.

"गेणू भिमाजी," नवराच म्हणाला.

बाकीची नावे तिने भराभर सांगितली. वडिलांचे, बहिणीचे, अंबाजीचेसुद्धा.

"आता मुलीचा बाप. तो हयात असेल आणि पोर आपली म्हणेल, तर अर्जही नको. मावशीला मात्र कायदा विचारीत नाही. तिने मागितल्यावाचून मुलीचा ताबा मिळत नाही."

"त्या नीचाचं नाव हिच्या तोंडी कशाला?" गेणू म्हणाला. "हिरीला फशी पाडली आन् नामानिराळा ऱ्हायला. आठवलं तरी शिसारी येती, बघा."

महिपतीलाही शिसारी आली. दुसऱ्याची पोर सांभाळणाऱ्या या माणसाविषयी त्याला आदर वाटला.

"पण ही जागा रिकामी ठेवली, तर अर्ज परत येईल. तोवर मुलीला कोण अडवणार?"

बाहेर अंबाजीने घोड्याचा लगाम सोडला. रतनने मावशीचा दंड घट्ट धरला.

सावित्राबाईने मान खाली घातली. पदराचे टोक पुन्हा दातांत गेले.

"बाई, ठाऊक नाही का तुम्हाला?"

"ठावं हाय, भाऊ. पर माज्या तोंडानं कसं घिऊ?" ती हळूच म्हणाली. "मगाशी ह्यांनी जे नाव सांगितलं, त्येच परत लिवा."