जोडलेलं उपकरण

नवा बिनवायरचा माउस उलटा करून ती त्याच्या पोटावरचं बारीक बटण बघत बसली होती. एका बाजूला सरकवलं की डोंगल, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथ. डोंगल सोपं; नखाएवढा तुकडा खोचला की झालं. पण लॅपटॉपला यूएसबीच्या खाचा दोनच. एक कामातून गेलेली, दुसरीत हार्ड डिस्क. डिस्कवर घरांचे नकाशे. ते आज संध्याकाळपर्यंत पुरे करून पाठवायचे होते.

लॅपटॉप नवऱ्याचा. त्यावर विंडोज काढून लिनक्स त्यानंच हौसेनं घातलं होतं. "म्हातारं मशीन आहे, पण पळतंय बघ कसं!" म्हणायचा. फोनवरची गाणीही ब्लूटूथनं याच्यातूनच वाजवायचा. तो अपघातात गेला, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून ती वायरच्या माउसवर काम रेटत होती. त्या माउसनं काल खाचेसकट मान टाकली.

तिनं बटण ब्लूटूथकडे सरकवलं. पडद्यावर ब्लूटूथ चालू केलं. आधी जोडलेल्या उपकरणांत एकच नाव आलं. 'भटक्या'.

नवऱ्याच्या फोनचं नाव. हॉस्पिटलात त्याचं घड्याळ, चष्मा, पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं होतं. फोन मात्र हरवला, असं त्या म्हणाल्या. त्या फोनसाठी तिनं पोलीस ठाण्यात किती खेटे घातले! सगळे फोटो त्यातच होते. शेवटी सासूबाईच फटकन म्हणाल्या होत्या, "माणूस गेला तिथं फोनचं काय घेऊन बसलीस?" त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांनी त्याचे कपडेही वाटून टाकले. ते तिला अजून सलत होतं.

नाव यादीतून काढून टाकायला हवं होतं. काढवेना. कुठून लागणार तो फोन आता, असं म्हणत तिनं उगाचच त्यावर टिचकी मारली.

'जोडले,' पडद्यावर अक्षरं उमटली.

ब्लूटूथची धाव ती किती? दहा-पंधरा पावलं. म्हणजे फोन या घरात होता. आणि चालू होता.

ती खुर्चीतून उठायच्या आत लॅपटॉप बोलला.

"आई, अगं इकडे बघ! अशी ताठ नको उभी राहूस, फोटो नाहीये हा. व्हिडिओ आहे. बोल की काहीतरी!"

त्याचा आवाज. खणखणीत.

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. सासूबाई धडपडत बाहेर आल्या. केस विस्कटलेले, हातात त्याचा फोन.

"अगं, आवाज गेला त्याचा! आत्ता बोलत होता गं. बघ ना, मी दिसतेय नुसती, आणि तो बोलतच नाहीये..."

लॅपटॉपमधून तो हसला. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे, मग सुनेकडे.

"वर्षभर, आई?" तिनं विचारलं.

सासूबाईंनी फोन छातीशी धरला.

"सांगितलं असतं, तर तू मागितला असतास," त्या म्हणाल्या. "आणि तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नसती, पोरी."