कुंपणापर्यंत

शाळा सुटून तास झाला तरी नववीतली शर्वाणी फाटकाच्या आतच उभी होती. शिक्षा म्हणून थांबायला मिळावं यासाठी तिने आज पुन्हा गृहपाठाची वही मुद्दाम घरी ठेवली होती.

"निघ आता बाळा," मुख्याध्यापिका खानविलकर बाई म्हणाल्या. "तासाभरापेक्षा जास्त थांबवता येत नाही मला."

"बाई, उद्याची शिक्षा आजच द्या ना."

बाईंनी फाटकाची कडी काढली. मुलांच्या कानात लहानपणीच बसवलेला बोलका मणी कुंपणाच्या आत बाईंच्या हुकमाने मुका राहायचा. कुंपणाबाहेर मुलं त्या मण्यातून एकमेकांच्या कानात काय ओततात, त्यात शाळेने पडायचं नाही, असा न्यायालयाचा निकाल होता. आणि मणी काढला तर दहावीला बसता येत नव्हतं.

शर्वाणीने दप्तर पोटाशी धरलं आणि पाऊल बाहेर टाकलं. लगेच तिची मान खाली गेली.

"काय म्हणतायत गं?" बाईंनी आतूनच विचारलं.

"रोजचंच. मर म्हणतायत," ती म्हणाली. "फक्त आज तुमच्या आवाजात म्हणतायत, बाई."