पुष्पवृष्टी

छपाईचा प्रोग्रॅम चाचणीत मेला, म्हणून भूपेंद्रसेठनी तो लिहिणाऱ्या ऋतिकला काढलं. दुसऱ्या दिवशी फाइली जपणारा मेला. तो लिहिणारा कैलास गेला. आज नकाशांचा मेला होता, आणि तो समीक्षानं लिहिला होता.

देवळीत बापाच्या बियाण्यांच्या दुकानावर भूपेंद्रसेठनी अस्सल देशी ऑपरेटिंग सिस्टिम काढली होती. अस्सल म्हणजे, जगात फुकट मिळणारी आणून तिचं बारसं केलेलं. सोमवारी ती तपासायला सरकारी समिती येणार होती. हजार कामं एकदम अंगावर टाकायची. दोन तास टिकली तर शाळांच्या संगणकांचं काम मिळणार. वीस मिनिटांपुढे गाडी अजून गेली नव्हती. पहिला प्रोग्रॅम मेला की सेठ चाचणी थांबवत आणि माणूस काढत.

"मॅडम, तुमचाई गेला," सेठ म्हणाले. "आंजीहून दोन बस बदलून येता काऊन? झोपा तं घरीबी काढता येते."

आंजीहून जाऊन-येऊन करता येईल अशी संगणकाची नोकरी समीक्षाला ही एकच सापडली होती. तिनं शांतपणे नोंदींचा कागद पुढे केला.

"सर, प्रोग्रॅम आपल्यानं नाई मरून राह्यले. मेमरी भरली का सिस्टिमच एखाद्याले मारते. बाकीचे वाचले पायजे म्हणून."

"मंग जो जास्त खाते त्याले मारावं न!"

"त्याले मारता येत नाई. त्याच्यावर तुमी खूण लावली."

तो म्हणजे शुभेच्छा-फलक. पडद्यावर गॉगल घातलेले भूपेंद्रसेठ, गोल चौकटीत वडील ताराचंदसेठ, आणि दोघांवर अखंड पुष्पवृष्टी. सेठनी आयुष्यात लिहिलेला हा एकमेव प्रोग्रॅम. सेकंदाला शंभर फुलं पडत. पडलेलं एकही झाडलं जात नसे. सगळी मेमरीत साचत. ‘याला कोणी हात लावू नये’ ही खूण सेठनी स्वतः, मुहूर्त पाहून, लावली होती.

"त्या खुणेची एक ओळ खोडली का सारं चालते, सर."

"बाबूजीच्या फोटोले मारू म्हणता?" सेठ कडाडले. "फलक एकदा तरी पडला का? नाई न! इथं तोच एक पक्का आहे. कच्चे तं तुमी लोकं. उद्यापासून येऊ नका."

समीक्षानं डबा पिशवीत टाकला. या गडबडीत चाचणी थांबवायची राहून गेली. मागे एकेक प्रोग्रॅम पटापट मरत होता, आणि फुलं पडत होती.

ती दारात चपला घालत असताना फुलं हवेतच थबकली. पडदा काळा झाला. वर एक इंग्रजी ओळ उमटली.

"ऋतिक! कैलास!" सेठनी सवयीनं हाक मारली. मग रिकाम्या खुर्च्या पाहून म्हणाले, "मॅडम, थांबा न जरा. हे काय लिहून आलं?"

समीक्षानं दारातूनच वाचून दाखवलं.

"मेमरी संपली, सर. आता मारायले कोणी उरलं नाई."