मोत्याची पेटी

“या बरणीत गोल्डफिश नाई जगत, पोरी,” प्रफुल म्हणाला आणि त्यानं पुन्हा घड्याळाकडे पाहिलं.

बरणी चॉकलेटची, किराणा दुकानातून मागून आणलेली. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. ती पोटाशी धरून सहा-सात वर्षांची पोरगी काचेच्या काउंटरला नाक लावून उभी होती. सोबतचा म्हातारा बाकड्यावर टेकला होता. एवढे रंगीत मासे समोर, पण गड्याचं एकाकडेही लक्ष नव्हतं.

प्रफुलला आज दुकान लवकर बंद करायचं होतं. वरोऱ्यात त्याचं रंगीत माशांचं दुकान बरं चालायचं, पण लग्नाच्या बाजारात त्याला काडीची किंमत नव्हती. पोरीवाले येत, चहा-पोहे हाणत आणि विचारत, “नोकरी नाई काय?” झालं, बोलणं तिथंच संपायचं. असं करत चौतिशी आली. आज गोंडपिपरीहून रिना घर पाहायला येणार होती, भावाला घेऊन. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी वारला होता. प्रफुलला ती फोटोतच आवडली होती, अगदी मनापासून. फक्त मध्यस्थ धनराजमामांनी एक निरोप दिला होता. तिची एक अट आहे म्हणे, ती समोरासमोरच सांगणार. आता अट काय असणार? दुकान बंद कर, दुसरं काय! सकाळपासून बिचाऱ्याला घास गेला नव्हता.

“काऊन नाई जगत?” पोरीनं विचारलं.

“तो हाताएवढा होते. तुले न्हाणीत कोंडलं तं राहशीन काय?”

“नाई!” ती खुदकन हसली. “मंग हे बारके?”

“गप्पी? त्याइले भारी पिल्लं होतेत. महिनाभरात बरणीत बाजार भरन.”

“मंग हा निळा?”

“हा फायटर. हा एकटाच राह्यते. लोक त्याले गिलासातबी ठेवतेत. पण राह्यते म्हणजे लगेच मरत नाई, एवढंच. पंख पसरवाले जागा तं पायजे ना बावा त्याले!”

पोरगी हिरमुसली. “आमची खोलीच बारकी हाय. घरमालक कुत्रा नाई ठेवू देत, म्हणून मासा पायजे.”

फोन वाजला. आई, गुणाबाई. आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “अरे पाहुणे येऊन बसले ना! तू कुठी मेलास?”

“आलोच, आई. गिऱ्हाईक हाय.”

तेवढ्यात पोरीचा कोपर लागला आणि माशांच्या खाद्याचा डबा धाडकन खाली. सगळीकडे दाणेच दाणे. पोरगी भिंतीला चिकटली. म्हातारा अर्धवट उठला आणि प्रफुलच्या तोंडाकडे पाहू लागला.

“घ्या!” प्रफुल हसला. “आज उंदरायची दिवाळी!” आणि झाडू घेऊन खाली बसला. पोरगीही हळूच त्याच्या शेजारी बसून दाणे वेचू लागली.

“भाऊ, देऊन टाका ना तो निळा,” म्हातारा पहिल्यांदाच बोलला. “पोरगं खूश होईन. पैशे आत्ता देतो.”

“पैशाचं नाई, भाऊ. आठ दिवसात मरन अन् हे लेकरू रडन.” प्रफुल पोरीकडे वळला. “असं करू. हा तुझाच. मोठी काचेची पेटी घेतली की ने. तवरिक मी सांभाळतो. नाव काय ठेवतेस?”

“मोत्या.”

“मासा हाय ना गं तो!”

“मोत्याच.” मग तिचा आवाज बारीक झाला. “अन् तो मेला तं?”

“मेला तं तुले खरं सांगीन. दुसरा आणून हाच मोत्या हाय, असं नाई म्हणणार.”

पोरीनं त्याला नीट पाहून घेतलं. मग म्हाताऱ्याचं बोट धरून, रिकामी बरणी घेऊन निघून गेली.

मोत्याला दुकानात ठेवलं तर कोणीतरी उचलायचाच. घरच्या मोठ्या पेटीत कधीचं नुसतं पाणीच होतं. प्रफुलनं मासा पिशवीत घेतला आणि गाडीला किक मारली.

घरी आईचे डोळे आग ओकत होते. रिनाचा भाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. रिना शांत होती, फोटोपेक्षा थोडी थकलेली.

“उशीर काऊन झाला?” तिनं विचारलं.

गाडी पंक्चर झाली म्हणता आलं असतं. पण ते त्याला सुचलंच नाही. “एक पोरगी आली होती. तिले मासा पाह्यजे होता.”

“मंग इकला?”

“नाई. बरणी लहान होती.”

गुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. प्रफुलनं गपगुमान पिशवी पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. आता हातचं गेलंच, असं त्याला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

“सोडत काऊन नाई त्याले?” रिना जवळ येऊन उभी राहिली.

“एकदम सोडला तं घाबरते. दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ द्या लागते. तवरिक थांबाचं.”

ती वाकून पिशवीतला मासा पाहू लागली. शेवटी प्रफुलनंच धीर केला. “तुमची काही अट होती म्हणे. दुकानाचं असन तं...”

“दुकानाचं नाई,” रिना म्हणाली. “पसंती मी नाई करणार, एवढीच अट.” आणि तिनं दाराकडे पाहून हाक मारली. “बाबा, या आता.”

दारात तोच म्हातारा उभा होता. त्याच्या मागून बरणी पोटाशी धरलेली ती पोरगी धावत आत आली, पेटीच्या काचेला नाक लावलं आणि म्हणाली, “आई, मोत्या इथंच राह्यते. आपणबी राहू.”