एकावन्न सालातला एकच विजय

वडिलांच्या दफनानंतर आम्ही ओहायोतल्या चर्चच्या तळघरात जेवायला बसलो. त्यांच्याबरोबर व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल, तो हेल्मेट घालून धडका द्यायचा खेळ, खेळलेले स्टॅनकाका एकावन्न सालचा मोसम रंगवून सांगत होते. "अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकलो आम्ही, तोही तुझ्या बापामुळे! डोक्याला टक्कर अशी बसली, की हा गडी उठून समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला!" सगळे हसले. "डॉक्टर विचारतात, मुलीचं नाव सांग. ह्याला आठवेना!" माझा काटा पिरोगीत, बटाटा भरलेल्या त्या पोलिश करंजीत, रुतून राहिला. शेवटची दोन वर्षं वडील मला नर्सबाई म्हणत. मी ते म्हातारपण समजत होते. "मग मी मागून नाव पुटपुटलो. डॉक्टर फसला, ह्याला हेल्मेट चढवलं आणि पाठवला मैदानात!" "नाव काय सांगितलंस रे?" पलीकडून कुणीतरी विचारलं. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोने वाकून कानात माझं नाव सांगितलं. "लोरेटा!" काका ओरडले आणि एकटेच हसले.