तिसरा भाग

शनिवारी सकाळी अकराला रजनीताई पुन्हा वाचनालयात आल्या. कादंबरीचा तिसरा भाग अजून परत आलेला नव्हता. "आमच्या यांना दिसत नाही, मी वाचून दाखवते," त्या ग्रंथपालांना म्हणाल्या. " उद्या बायपाससाठी ॲडमिट व्हायचंय, पण शेवट ऐकल्याशिवाय हलणार नाही म्हणतात!" "मुंबईच्या बंगलेवाल्यांकडे आहे," ग्रंथपाल म्हणाले. "त्यांच्या आजोबांनी वाचनालयाला छप्पर दिलं. त्यांना मुदत कोण विचारणार?" रजनीताईंनी चडफडत रिक्षाने त्यांचा तुंगार्लीचा बंगला गाठला. काचेआड झोपाळ्यावर तेच पुस्तक उपडं पडलं होतं, जेमतेम दहा पानं उलटलेली. "किल्ली सायबाकडंच, मावशी," रखवालदार म्हणाला. "दुपारी येनार हायेत." त्या पायरीवरच बसल्या. चार वाजता रखवालदारानं फोन ठेवला. "घाटात लय गर्दी हाय. सायब खोपोलीवरनंच मुंबईला माघारी फिरले." रजनीताईंनी काचेला कपाळ टेकलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. "मिळालं का गं?" "दिसतंय हो," त्या म्हणाल्या.